सात जणांच्या कोठाराची लादी

धान्याच्या कोठाराला मातीची जमीन असू नये, एवढंच साधं माझं म्हणणं होतं. एकतीस वर्षं मी सरकारी पुरवठा खात्यात गोदामं तपासण्याची नोकरी केली. त्या एकतीस वर्षांत मी गोदामाच्या जमिनीकडे जेवढं निरखून पाहिलं तेवढं कुणा माणसाच्या तोंडाकडे पाहिलेलं नाही. हे वाक्य माझं नाही, आमच्या हिचं आहे, पण त्यात तथ्य आहे. तेव्हा मुलीच्या संगणकावरच्या खेळात सात माणसांचं सहा महिन्यांचं अन्न उघड्या मातीवर पडलेलं मला दिसलं, तर मी गप्प कसा बसणार?

खेळ काय आहे ते आधी सांगतो, म्हणजे पुढे माझी बाजू समजेल. एक मोकळं माळरान असतं. तिथे काही माणसं येऊन पडतात. त्यांच्याकडून घरं बांधून घ्यायची, शेती करून घ्यायची, अन्न शिजवून साठवून ठेवायचं आणि त्यांना जगवायचं. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. म्हणजे संसारच, फक्त माऊसने करायचा. माझ्या मुलीने ही वसाहत आठ महिने खपून उभी केली होती. तिच्यात एक स्वयंपाकीण होती, एक सुतार, एक डॉक्टरीण, एक शिकारी, शेती करणारं एक नवराबायकोचं जोडपं आणि एक कवी. कवीला बांधकाम जमत नसे, शेती जमत नसे, ओझं उचलणं तर मुळीच जमत नसे. मुलीने त्याला का ठेवून घेतलं होतं ते मी अनेकदा विचारलं. ती म्हणायची, असू दे हो बाबा, बिचारा कुठे जाईल.

मी निवृत्त होऊन चार महिने झाले होते. सकाळचं वर्तमानपत्र साडेआठला संपायचं आणि मग दिवस अंगावर यायचा. मुलगी खेळायला बसली की मी मागे उभा राहायचो. सूचना करायच्या नाहीत असं रोज ठरवायचो आणि रोज करायचो. इतर सगळ्या सूचना ती ऐकून सोडून द्यायची, पण कोठाराच्या जमिनीचा विषय मी काही सोडत नव्हतो. शेवटी नोकरीच्या प्रशिक्षणासाठी तिला नऊ दिवस बाहेर जायचं ठरलं, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी तिने मला खुर्चीत बसवलं.

"बाबा, ती जमीन तुम्हाला एवढी खुपतेय ना, तर तुम्हीच लादी निवडा आणि बसवा. तेवढाच वेळ जाईल तुमचा. बाकी कशाला हात लावू नका. फक्त मी आले की हे सातही जण मला जिवंत दिसले पाहिजेत."

खरं सांगतो, मला भरून आलं. या मुलीची शाळा मी निवडली, दप्तर मी निवडलं, पुढे कोणते विषय घ्यायचे तेही मीच सांगितलं. पण तिने स्वतःहून आपली एखादी वस्तू माझ्या हातात देऊन 'सांभाळा' म्हटलं, असं सव्वीस वर्षांत झालं नव्हतं. मी हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, भरून यायचं ते येऊ दे, पण तो खेळ थांबवायचा कसा ते नीट विचारून घेतलंत का? मी म्हटलं, मी काय लहान आहे?

पहिल्या दिवशी मी कामाला लागलो आणि लागल्या लागल्या मला एक गंभीर बाब आढळली. या एकाच वसाहतीच्या संगणकात अकरा प्रती होत्या. वेगवेगळ्या तारखांच्या, पण त्याच वसाहतीच्या. आमच्या खात्यात एका नोंदीच्या दोन प्रती सापडल्या तर थेट गुन्हा. कोणती खरी धरायची? एका गोदामपालाला मी एवढ्याशा कारणावरून लेखी खुलासा विचारला होता, बिचारा रडकुंडीला आला होता. तेव्हा मी सर्वांत ताजी प्रत ठेवली आणि बाकीच्या दहा काढून टाकल्या. मुलगी आल्यावर तिला ही शिस्त दाखवायची असं मी मनाशी ठरवून ठेवलं.

मग लादी. या खेळात लाकडी फळ्या आहेत, खडबडीत दगड आहे, घडीव दगड आहे, संगमरवर आहे, लोखंडी पत्रा आहे, गालिचा आहे आणि इस्पितळात घालतात तसली एक पांढरी लादी आहे. प्रत्येकीपुढे आकडे दिलेले. चालताना पाय किती झटझट उचलतो, घाण किती धरते, आग लागली तर पेटते का, दिसायला कशी. एवढी व्यवस्थित माहिती आमच्या खात्यात कोणी कधी दिली नव्हती. मी ताबडतोब तुलनात्मक तक्ता करायला घेतला. तक्त्याला तीन दिवस लागले. दोन दिवस आकड्यांना आणि एक दिवस रेघा आखायला, कारण घरातली फूटपट्टी सापडत नव्हती.

तक्त्यात खडबडीत दगड पहिला आला. पण कागदावरचं आणि प्रत्यक्षातलं यात अंतर असतं हे मला नोकरीने शिकवलंय, म्हणून मी जाणकाराचं मत घ्यायचं ठरवलं. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एकाचं लाद्यांचं दुकान आहे. त्याला सगळे लादीवाला म्हणतात, तोही स्वतःला लादीवालाच म्हणतो. मी त्याला विचारलं की खाण्याच्या वस्तू साठवायच्या खोलीला कोणती लादी चांगली. आता खेळातली खोली आहे हे मी सांगितलं नाही, हे कबूल करतो. साठीच्या माणसाने दुकानात जाऊन संगणकातल्या लादीची चौकशी करायची म्हणजे जरा अवघडच. त्याने खोलीचं माप विचारलं, मी अकरा बाय सात सांगितलं. त्याने विचारलं माल किती असेल, मी म्हटलं, सात माणसांना सहा महिने पुरेल एवढा. तो माझ्याकडे बघतच राहिला. "पण काका, तुम्ही घरात तिघंच ना?"

मी म्हटलं, येणारंजाणारं असतं कोणी ना कोणी.

झालं. त्याने संगमरवर नको म्हणून सांगितलं, डाग पडतात म्हणे, साधा दगड घाला. वर संध्याकाळी तो सात नमुने घेऊन घरी आला आणि बैठकीच्या खोलीत मांडून गेला. आणि त्याच्या दुकानात जो येईल त्याला तो सांगत सुटला की तिसऱ्या मजल्यावरचे काका सहा महिन्यांचं अन्न साठवतायत. दुसऱ्या दिवशी जिन्यात दोघी-तिघींनी आमच्या हिला गाठून हळूच विचारलं, काही टंचाई येणार आहे का? साहेब खात्यात होते, त्यांना आतली बातमी असेल. ही नाही म्हणाली, पण ज्या पद्धतीने म्हणाली त्यावरून लोकांना वाटलं की नक्कीच येणार आहे. त्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातलं पीठ दुपारपर्यंत संपलं. आम्हालाही मिळालं नाही.

ही लादीची बातमी सचिवांपर्यंतही पोचली. आमच्या इमारतीचे सचिव म्हणजे कागदाचा माणूस. नियम चौदा अन्वये घरातल्या लादीच्या कामाला लेखी परवानगी लागते, अर्ज तीन प्रतींत, सोबत वजन पेलण्याबाबत अभियंत्याचा दाखला आणि खालच्या मजल्याची ना हरकत, असं पत्र त्यांनी आणून दिलं. दुपारी दोन ते चार ठोकाठोक करू नये, असं खाली लाल शाईने.

मी त्याच क्षणी हसून 'अहो, तो खेळ आहे' असं म्हणायला हवं होतं. सगळेच नंतर हे म्हणाले. पण मला ते पत्र फार आवडलं. जावक क्रमांक होता, विषय होता, संदर्भ होता. चार महिन्यांत मला कोणी एक सरळ पत्र लिहिलं नव्हतं. मी टेबलाशी बसलो आणि मुद्देसूद उत्तर लिहिलं. सदर काम हलक्या स्वरूपाचं असून इमारतीवर त्याचा कोणताही भार येणार नाही, असं त्यात स्पष्ट नमूद केलं. यात काहीच खोटं नव्हतं. सचिवांनी उलट पत्र पाठवलं की प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय असा निष्कर्ष काढता येत नाही.

मुलीचा रोज संध्याकाळी पाच मिनिटं फोन यायचा. कसं चाललंय विचारायची. मी सांगायचो, काम प्रगतिपथावर आहे. सातही जण? सातही जण. एकदा तर ती म्हणाली, बाबा, तुम्ही आहात म्हणून मला इकडे निवांत वाटतंय. ते ऐकून मी त्या रात्री दोनदा जेवलो.

सहाव्या दिवशी मी संगमरवराचा निर्णय घेतला. हो, तक्ता काहीही म्हणू दे आणि लादीवाला काहीही म्हणू दे. मुलगी आल्या आल्या कोठार उघडेल आणि तिला लखलखीत पांढरी जमीन दिसेल, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. आणि गोदामाच्या लादीकामाचा पहिला नियम मला पाठ होता. आधी माल बाहेर, मग काम. मी कोठारातला सगळा माल अंगणात काढायचा हुकूम सोडला. बटाटे, मका, वाळवलेलं मांस, शिजवून ठेवलेली जेवणं, सगळं त्या माणसांनी मुकाट्याने उचलून उन्हात मांडलं. मग मी प्रत्येकाच्या कामाच्या यादीत लादी सर्वांत वर घातली. स्वयंपाकीण चूल सोडून दगड घडवायला गेली, शिकारी धनुष्य टाकून गेला, डॉक्टरीणसुद्धा गेली. इतकी आज्ञाधारक माणसं मला एकतीस वर्षांत मिळाली नव्हती. फक्त कवी तेवढा इकडून तिकडे फिरत होता. काम झटपट व्हावं म्हणून मी वेळ सर्वांत जलद केला आणि तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

सचिव एका अभियंत्याला घेऊन पाहणीला आले होते. मी त्यांना बसवलं. अभियंत्याने फिरून भिंतींवर टकटक केलं, स्वयंपाकघर पाहिलं, न्हाणीघर पाहिलं. सचिवांनी माझ्या पत्रातल्या तिसऱ्या मुद्द्यावर आक्षेप घेतला, मी त्यांच्या नियमातल्या एका शब्दावर घेतला. अशी कायदेशीर चर्चा करायला मिळाली की माणसाला वेळेचं भान राहत नाही. पन्नास मिनिटं गेली. शेवटी अभियंत्याने घाम पुसत विचारलं, "पण ती खोली आहे कुठे?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी म्हटलं, "संगणकात आहे."

सचिवांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं आता हे रागावणार. पण ते म्हणाले, इथवर आलोच आहोत तर पाहणी करून घेऊ. तिघेही आम्ही मुलीच्या खोलीत गेलो.

आमची पन्नास मिनिटं म्हणजे तिथले बरेच दिवस. कोठाराची जमीन पूर्ण झाली होती. पांढरी शुभ्र, रेघ न् रेघ सरळ, आणि आत एक दाणा नाही. बाहेर अंगणात जे काही मांडलं होतं ते काळं पडून त्यावर माशा घोंगावत होत्या. शेत कापायला कोणी गेलंच नव्हतं, ते उभ्या उभ्या वाळलं होतं. आणि माणसं जमिनीवर पडली होती.

"काम छान झालंय," सचिव म्हणाले.

अभियंत्याने वाकून पाहिलं. "ही माणसं का झोपलीत?"

मी संगणकापुढे आडवा उभा राहिलो. पाहुण्यांना कसंबसं दारापर्यंत पोचवलं. जाताना सचिवांनी उभ्या उभ्या कागदावर 'पाहणी केली, हरकत नाही' असं लिहून सही करून दिली. एरवी ती सही मी जपून ठेवली असती.

बायको आत आली तेव्हा मी नुसताच पडद्याकडे बघत होतो. तिने विचारलं काय झालं, मी सांगितलं. तिने विचारलं यांनी कधीपासून खाल्लेलं नाही, मी पडद्यावरची सूचना वाचून सांगितलं, चार दिवस. मग ती म्हणाली की पोरगी मागे एकदा सांगत होती, काही चुकलं तर जुन्या प्रतीवरून परत सुरू करता येतं. मला ते ऐकायचंच नव्हतं. त्या प्रती मी पहिल्याच दिवशी काढून टाकल्या हे मी तिला सांगितलं. का, हेही सांगितलं. तिने कपाळाला हात लावला.

माझी बायको त्या संगणकाला केवळ पुसण्यापुरता हात लावते. पण तिने खुर्ची ओढली आणि म्हणाली, "आधी ते दगड घडवणं बंद करा. खायला काय मिळेल ते बघा."

रानात थोडी बोरं होती, ती शेतकरणीने खुरडत जाऊन आणली. ती एका वेळेलाही पुरली नाहीत. शिकारी उठून दारापर्यंत गेला आणि तिथेच बसला. मला त्याच्याकडे बघवेना. मुलीने सात सांगितले होते, आणि फोनवर मी रोज सात म्हणत होतो. ती आल्यावर मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो की तिघंच उरलेत?

तेवढ्यात कुठूनसा एक व्यापारी तांडा वसाहतीत आला. त्यांच्याकडे मका भरपूर होता. बदल्यात त्यांना दगड हवा होता, तोही संगमरवर. आणि वसाहतीतला सगळा संगमरवर मी कोठारात बसवला होता.

"उखडा," बायको म्हणाली.

"अगं, आत्ताच तर बसवलीय. मुलीने अजून पाहिलीही नाही."

"अहो, तिने लाद्या मोजून घ्यायच्या नाही सांगितल्या. माणसं सांगितलीत."

मी हुकूम दिला. पण सहाही जण आडवे, उखडणार कोण? तेव्हा तो कवी उठला. दिवसभर काही न केल्यामुळे त्याच्याच अंगात थोडी ताकद उरली होती. बांधकाम त्याला जमत नव्हतं, पण उखडायला तो तयार होता. एकेक लादी काढत, मधे मधे भिंतीला टेकत, त्याने सत्याहत्तरच्या सत्याहत्तर लाद्या काढल्या. तांडा निघायच्या बेतात असताना सौदा झाला. मका आला. स्वयंपाकिणीला आधी खायला घातलं, मग तिने इतरांना शिजवून घातलं. उरलेले दिवस मी आणि बायको आळीपाळीने तिथे बसून होतो. मुलीचा फोन आला की काम प्रगतिपथावर आहे, असंच मी सांगायचो. शेत पुन्हा पेरलं, शिकार साठवली, कोठार मातीच्या जमिनीवर पहिल्यासारखं भरलं. सातही जण वाचले. कवीविषयी मी यापुढे एक शब्दही वाकडा बोलणार नाही.

मुलगी परत आली, हातपाय धुतले आणि थेट संगणकापुढे बसली. मी आणि बायको मागे उभे होतो. तिने माणसं मोजली, सात होती. तिचा चेहरा खुलला. मग तिने कोठार उघडलं आणि माती बघून वळली.

"नऊ दिवसांत तुम्हाला एक लादी निवडता आली नाही, बाबा?"

राहून गेलं, मी म्हटलं. माणसं उपाशी मारायला निघालो होतो हे कळण्यापेक्षा बाप ढिम्म आहे असं तिला वाटलेलं परवडलं.

"पण बरं झालं एका अर्थी," ती म्हणाली. "मला आपली भीती होती, तुम्ही आधी सगळं अन्न बाहेर काढाल. तसं काढावं लागत नाही. सामान आत असतानाही लादी बसते, ती माणसंच बाजूला सरकवून घेतात."

बायकोला ठसका लागला. मुलीने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि स्वयंपाकिणीवर टिचकी मारली. या खेळात माणसावर टिचकी मारली की त्याच्या मनात काय काय आहे त्याची यादी उघडते. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पहिली ओळ होती, 'चार दिवस उपाशी राहिले.' तिने सुतार उघडला. तेच. डॉक्टरीण, तेच. शिकारी, तेच. एकतीस वर्षांत इतका चोख तपासणी अहवाल मी कधी लिहिला नाही, एवढंच माझ्या मनात येत होतं. मग तिने प्रत्येकाची दुसरी ओळ वाचायला सुरुवात केली, आणि ती मोठ्याने वाचत गेली. 'फार देखणी खोली पाहिली.' 'फार देखणी खोली पाहिली.' सातही जणांच्या मनात तेच लिहिलं होतं. कवीच्या मनात त्याखाली आणखी एक ओळ होती. 'सुंदर वस्तू स्वतःच्या हाताने मोडावी लागली.'

"कुठली खोली, बाबा?"

मग मी सगळं सांगितलं. दहा प्रती, तक्ता, लादीवाला, सचिव, अंगणातले बटाटे, सगळं. फोनवर खोटं बोललो तेही सांगितलं. तू पहिल्यांदा काही सांभाळायला दिलंस आणि मी ते जवळजवळ मारून टाकलं, असंही म्हटलं. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती, इतकी की बायकोने पाणी आणून दिलं.

"कशी दिसत होती?" डोळे पुसत तिने विचारलं.

पांढरी होती, मी म्हटलं. रेघ न् रेघ सरळ.

"मग परत घालू या. मला बघायचीय. दगड कोणता घ्यायचा ते तुम्हीच ठरवा, मी मधे बोलणार नाही."

माझा ऊर भरून आला. पण एकदा पोळलेला माणूस मी, घाईने निर्णय घेणं बरं नव्हे. मी म्हटलं, मला चार दिवस दे, नीट विचार करून सांगतो.

"घ्या चार दिवस," ती म्हणाली, "तोवर मी यांना जेवायला घालते."